टुलीचा सातवा महिना

डब्लिन, ओहायो
१२ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप आईला अबोलीचा नमस्कार.

दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, म्हणशील. शेवटपर्यंत वाच.

बर्फ पायऱ्यांपर्यंत चढलाय, पण मी कानटोपी घालूनच निघते. तुझा जावई राजस मजेत आहे. बाबा फिरायला जातात का?

नीलांबरीकाकूंना तू माझं ‘मोठं संशोधन’ सांगतेस, ते म्हणजे गेंड्याचं शेण तपासणं. इथल्या प्राणिसंग्रहालयात टुली नावाची काळ्या गेंड्याची मादी आहे. पूर्व आफ्रिकेतली तिची उपजात. जंगलात जेमतेम सहा-सातशे उरलेत. शेणातल्या हार्मोन्सवरून आम्हाला कळलं, ती गाभण आहे. सातवा महिना चालू आहे, अजून आठ जायचेत. खातेपिते, चिडते, म्हणजे ठीक आहे.

तिचा आधीचा गर्भ दुसऱ्याच महिन्यात गेला होता. का, ते कुणालाच कळलं नाही.

गेल्या वर्षी माझंही तसंच झालं, तेव्हा तू रडत म्हणालीस, “तीन महिने व्हायच्या आत मीच काकूंजवळ बोलून बसले.” आई, टुलीचं तर आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी गेला. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही.

हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी गेले कित्येक रविवार फोनवर ओठांवर आलेली बातमी मी गिळली. टपालाला पंधरा दिवस लागतात. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मला तिसरा महिना सरलेला असेल.

आता काकूंना खुशाल सांग.

तुझी,
अबोली