दुसऱ्या गिअरवरचा हात

बाबा, तुम्ही लष्करी लिलावातून आणलेली जीप अजून चालते, हे आधी सांगतो. कॉलेज मी मधेच सोडलं, हे त्याच्या मागून. प्राध्यापकांशी भांडलो, तडक बाहेर पडलो. आईनं तेव्हापासून अबोला धरला. तुम्ही असतात तर ओरडला असतात आणि मग हातात पाना देऊन जीपखाली घेऊन गेला असतात. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो, पण ते ओरडणं कानात आहे. मी तुमच्या मांडीवर बसलोय, तुम्ही क्लच दाबायच्या आधीच मी गिअरचा दांडा ओढतो, गिअरची पेटी खरकन वाजते. "अबे, कायले एवढी घाई? त्यालेही दात हायेत, तुलेही हायेत. तुये पाडू का?"

यंदा दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायला लागला. यवतमाळचा मिस्त्री म्हणाला, पेटीच गेली, नागपूरहून दुसरी आणा. त्याच्याशीही भांडलो. त्यातच शेजारच्या हेडक्लार्क काकांची केळापूरची बस चुकली. त्यांना देवीच्या दर्शनाला न्यायला मी एका पायावर तयार, कारण त्यांची मुलगी मला आवडते. आवडते काय बाबा, घास उतरत नाही.

काकांना पुढे बसवलं, ती मागे बसली. काकांना उतारावर दांडा घट्ट धरायला सांगितलं. पहिल्याच उतारावर त्यांनी नाक पुसायला हात काढला. खट्! गिअर सुटला, जीप मोकाट पळाली, मी अक्षरशः ब्रेकवर उभा राहिलो. जीप थांबली, माझं डोकं काही थांबलं नाही. "काका, काहून सोडला? झोपले होते का?"

ज्यांच्याकडे मुलगी मागायची, त्यांना!

काका खाली उतरले. "कॉलेज सोडून ड्रायवर झाला आन् मले शिकवून राह्यला! मी मागं बसतो. कोणाले धरायचं त्याले धरू दे."

संपलं, वाटलं. तेवढ्यात ती पुढे येऊन बसली, पदर खोचला, दांडा धरला. "चालवा आता. माझ्यावर ओरडाल तर सोडून देईन."

केळापूर येईपर्यंत गिअर सुटला नाही. मागून काका कुरकुरत होते, "पोरीनं धरला तं कसा गुमान बसला!"

घरी येऊन मी पेटीचं झाकण खोललं, एकेक भाग रॉकेलनं धुवून आईच्या परातीत मांडला. "मुडद्या, भाकरीची परात हाय ते! बापावरच गेला," आई ओरडली. ओरडली म्हणजे बोलली, बाबा! मग हसलीही. गिअर जागेवर दाबून धरणारी बारकी स्प्रिंग तेवढी तुटली होती. नवी बसवली.

काल काका फाटकात आले. "पोरगी काही आयकत नाही. घाटंजीले माह्या बहिणीकडे जाऊ. तिले पोरगा पाह्यचा हाय. पण तिथं ओरडायचं नाही." पोरगा म्हणजे मी!

जाताना ती न विचारता पुढे बसली. उतार आला, तिनं दांडा धरला. दांड्याची ओढ आता हाताला लागत नाही, हे तिला कळलं असणार. एकदा माझ्याकडे पाहिलं तिनं. हात काढला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गिअर दुरुस्त झालाय, हे काकांना मी अजून सांगितलेलं नाही.