झोक्यापुरती जागा

मी, श्रीमती भिकुबाई वना बोरसे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच शाईच्या पेनाने, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. तरीही म्हातारी भ्रमिष्ट झाली होती असे जो म्हणेल त्याचे नाव पुढे येईलच. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणारा एक होता, त्याला चहा पाजून परत पाठवले.

मला मूलबाळ नाही. पती लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विषमज्वराने गेले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वडिलांनी भाऊबंदांची बोलणी खाऊन मला शिकवले आणि नोकरीला लावले. त्यांच्याबद्दल या कागदात तक्रार नाही.

कलम १. माझी मिळकत अशी: देवपुरातला प्लॉट, त्यावरच्या दोन खोल्या, पुढचा ओटा आणि मागचे परस, तीस फूट लांब, वीस फूट रुंद. सगळे माझ्या पगारातले आहे. वडिलोपार्जित एक वीटही नाही. का नाही, ते सांगणे भाग आहे.

वडील १९६२ साली वारले. पुढच्या आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, धाकटा भाऊ पितांबर मला न्यायला आला. आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. नाव लिहीत नाही, कारण गावाचा काही दोष नाही. घरामागे मोठा कडुनिंब होता आणि आखाजीला त्याला झोका बांधत. सदतीस वर्षांची मास्तरीण मी, पण पोरींबरोबर झोक्यावर बसले होते. तिथेच पितांबर हक्कसोडीचा कागद घेऊन आला.

“अक्का, जमीन बाईले काय कामनी शे? तुले माहेर पायजे का वावर?”

मी म्हटले, माहेर. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सही पक्की केली. आमच्याकडे बहिणीने सही करायची असते, आणि भावाने दर आखाजीला न्यायला यायचे असते. हा करार कोणी पुरा लिहीत नाही. पहिला भाग तेवढा लिहितात. मी पोरांना पाटीवर अर्धे वाक्य कधी चालवून घेतले नाही, आणि स्वतः मात्र अर्ध्या करारावर सही केली.

पितांबर सहा वर्षे आला. सातव्या वर्षी पत्र आले, की यंदा घरात गर्दी आहे. पुढे पत्रही बंद झाले. १९८२ साली मी लाज सोडून आपणच एसटीने गेले. निंबाच्या जागी ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड होती आणि शेडच्या कडेला बुंधा. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “निंब मना व्हता, मी तोडा.” खोटे नव्हते. कागदावर निंब त्याचाच होता, आणि कागदावर माझी सही होती.

बुंध्याशेजारी मागच्या निंबोळ्यांची बोटभर रोपे उगवली होती. त्यातले एक मी अंबाड्यातल्या आकड्याने उकरले आणि वहिनीकडून चहाचा रिकामा डबा मागून घेऊन त्यात आणले. मालकाला विचारले नाही. कायद्याने ही चोरी आहे, आणि ती मी येथे कबूल करते.

कलम २. परसाविषयी. हे कलम मोठे आहे, पण चौदा वर्षे मी दुसरे काही केलेले नाही.

१९८३ साली मी निवृत्त झाले. तोवर तेहतीस वर्षे बदल्या आणि भाड्याच्या खोल्या. तुळशीपलीकडे माझ्या हाताने काही लागलेले नव्हते. मग मास्तरीण जे करील तेच केले. ड्रॉइंगचा कागद आणला, फूटपट्टीने परसाचा नकाशा काढला आणि झाडांना वर्गात बसवतात तसे बसवले. बुटकी पुढे, उंच मागे. स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी, कोथिंबीर, वांगी. मागच्या भिंतीला शेवगा आणि चार पपया. मध्ये डब्यातला निंब. रंगीत पेन्सिलीने नावेही घातली.

मागची भिंत दक्षिणेला आहे. शेवगा वर्षात भिंतीच्या वर गेला. पुढच्या दिवाळीत सूर्य खाली कलला आणि शेवग्याची सावली सगळ्या परसावर पसरली ती संक्रांत उलटली तरी हटेना. मेथी पिवळी पडली. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांची सावली पडत नसते, हे माझ्या ध्यानात आले नाही. चौथीच्या किती पोरांना मी दक्षिणायन शिकवले असेल! फळ्यावर शिकवले.

शिवाय काळी माती. खड्डा केला की त्याचा रांजण होतो, हे मला ठाऊक नव्हते. मी मायेने रोज बादलीभर पाणी घाली, आणि पपया मुळाशी सडून एकामागून एक आडव्या झाल्या. उन्हाळ्यात पाणी तोडले, तर हात जाईल एवढ्या भेगा पडल्या.

खड्डे खोदायला भुरा पावरा येई. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, शिरपूरकडचा, मजुरीला धुळ्यात आलेला. शेवटची पपई पडली तेव्हा तो हसला. मी चिडून विचारले, हे तुला आधी कळत होते? म्हणाला, हो. मग बोलला का नाहीस?

“तुना हातमा कागद व्हता, बाई. मंग मी काय बोलू?”

त्या दिवशी मी नकाशा चुलीत घातला. पुढे भुरा सांगेल तसे केले. माती उपसली, मुरूम आणि शेणखत मिसळले, वाफे वीतभर उंच केले, शेवगा काढून पश्चिमेच्या भिंतीला नवा लावला. तिसऱ्या वर्षी वांगी लागली. मी पहिले वांगे तोडले आणि रडले. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

निंब तेवढा जागचा हलवला नाही. गवंडी म्हणाला भिंत फुटेल, शेजारी म्हणाले जागा वाया जाईल. मी त्याच्याभोवती बारा फूट मोकळे सोडले आणि तिथे कोथिंबीरही पेरली नाही. झोका पुढेमागे जायला तेवढी जागा लागते.

कलम ३. कुदळ, फावडे, दोन खुरपी आणि झारी भुराला द्यावी. तो न आल्यास शिरपूरच्या आठवडे बाजारात निरोप द्यावा. शेजारच्या सुनंदाबाई रोज पहाटे भिंतीवरून हात घालून माझी जास्वंदीची फुले देवाला नेतात. ते जास्वंदीचे झाड मी मुळासकट त्यांना देत आहे. आपली फुले दुसऱ्याच्या देवाला जाताना कसे वाटते, ते त्यांनी पाहावे.

कलम ४. भाऊ पितांबर दोन वर्षांमागे कार्तिकात वारला. मेलेल्याला काही देता येत नाही. माफीही मी देत नाही. ती मागायला तो कधी आला नव्हता.

कलम ५. पितांबरचा मुलगा हिलाल यास काहीही देऊ नये. कारण लिहिते, नाहीतर तो विसरल्याचे सोंग करील.

गेल्या संक्रांतीला हिलाल पेढ्यांचा पुडा घेऊन आत्याकडे आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, “फुई, घर मना नाववर करी दे. तुले पोर नही. आखाजीले तुनी घागर कोन भरी?”

आखाजीला मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ज्याला कोणी नाही, त्याची घागर भरली जात नाही, तो तहानलेला राहतो, असे मी लहानपणापासून ऐकत आले. खरे सांगते, मला भीती वाटली. एवढे शिकून, एवढ्यांना शिकवून वाटली. माझा हात पेनाकडे गेलाही असता. पण पेढे ठेवून हिलाल परसात गेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावले टाकली, निंबाच्या खोडावर थाप मारली आणि म्हणाला, “आठे तीन गाळा निंघतीन.” गाळे म्हणजे दुकाने. बापाने शेड बांधली, लेक दुकाने बांधणार होता. मी चहा टाकला.

कलम ६. जमना ही हिलालची बहीण, पितांबरचीच मुलगी. तिचे सासर जळगावला आहे. गेली पाच वर्षे ती आखाजीला बापाच्या घरी दोन दिवस आणि माझ्याकडे एक दिवस राहते. माझ्या निंबाला पहिला झोका तिनेच बांधला. गेल्या आखाजीला झोक्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “फुई, भाऊ कागद लई उना व्हता. मी सही नही करी, ते माहेर तुटी जाई.”

मी तिला झोका देत होते. देतच राहिले, बोलले काही नाही. जन्मभर वर्गात तोंड चालवले आणि त्या दिवशी गप्प बसले, याची मला लाज वाटते. भावाने आणलेल्या हक्कसोडीच्या कागदावर सही करायला जमनाने येत्या आखाजीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. माझे उत्तर असे: मी सही केली होती, तरी तुटले.

घर, परस, निंब आणि पोस्टातली शिल्लक जमनाला द्यावी. ~~मात्र तिने माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही केलेली नसेल तरच द्यावी. केली असेल तर~~

वरची ओळ मीच खोडली आहे आणि समासात सही केली आहे. लिहून झाल्यावर, सवयीप्रमाणे, मोठ्याने वाचून पाहिली. आवाज माझा होता, बोलणे पितांबरचे होते. तुले माहेर पायजे का वावर? सहीच्या बदल्यात माहेर देणारा एक आमच्या घरात होऊन गेला, दुसरा नको. म्हणून अट नाही. जमना, सही करू नकोस असे मला पोटापासून वाटते. पण केलीस तरी हे घर तुझेच आहे, आणि तुला न्यायला कोणी आले नाही तरी तू यायचे आहेस.

कलम ७. माझ्या नावाची घागर हिलालने भरू नये. भरलीच, तर ते पाणी मी पिणार नाही, हे त्याने लेखी समजावे. जमनाला वाटल्यास तिने भरावी. बाईने भरू नये असे कोणी म्हटल्यास त्या दिवशी निंबाला दोन बादल्या पाणी घालावे. माझे भागेल.

कलम ८. निंब तोडू नये असे मी लिहीत नाही. तो जमनाचा झाल्यावर कुऱ्हाडही तिचीच. पण निंबाखाली दर पावसाळ्यात रोपे उगवतात. कोणी बाई चहाचा डबा घेऊन दाराशी आली, तर तिला कागद विचारू नये. डबा भरून माती द्यावी आणि रोप तिच्या हाताने काढू द्यावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, खाडाखोड दाखवून, साक्षीदारांसमोर सही केले. साक्षीदाराला मिळकतीतले काही देता येत नाही, म्हणून दोघांना फक्त चहा आणि परसातली वांगी दिली. एक नक्कल आज जमनाला रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. दुसरी हिलालला साध्या टपालाने. आखाजीला तीन महिने आहेत.

सही: भिकुबाई वना बोरसे

साक्षीदार:
१. रुपचंद दगा महाले, निवृत्त कंपाउंडर, देवपूर
२. अभिमन सुका बाविस्कर, शिक्षक, देवपूर

स्थळ: देवपूर, धुळे
दिनांक: १० फेब्रुवारी १९९७