प्रायमर अडकतो, यात माझी चूक नाही

रविवार, १ ऑक्टोबर २००६. खंडेनवमी.
आजपासून इथे उन्हाळी वेळ, घड्याळं एक तास पुढे. मीही पुढे! शूटिंग क्लबात दोन वर्षं राखीव म्हणून सडलो. राखीव म्हणजे इतरांसाठी टार्गेटचे कागद लावायचे आणि जॉन्सनव्हिलला घरी परत यायचं. आता कॅप्टन ग्रॅहमने शब्द दिलाय. बावीस तारखेच्या मॅचसाठी अख्ख्या टीमची सहाशे काडतुसं मी भरून दिली, तर टीममधली चौथी जागा माझी.

त्यासाठी माउंट वेलिंग्टनच्या एका म्हाताऱ्याकडून सेकंडहँड प्रेस मागवली. वापरलेली रिकामी काडतुसं तिच्यावर परत भरायची. हँडल ओढलं की एकेक प्रायमर नळीतून खाली येतो आणि काडतुसाच्या बुडात बसतो. प्रायमर म्हणजे मसुराएवढी टोपी, पिस्तुलाची पिन आपटली की ठिणगी देणारी. काल वीस भरली. झकास.

आज शस्त्रपूजा. झेंडू मिळाला नाही, इथल्या कोव्हाय झाडाची पिवळी फुलं वाहिली. प्रेसच्या प्रत्येक भागाला तेलात कालवलेलं कुंकू, वरून मूठभर अक्षता. काही कमी ठेवलं नाही. सासरे ऑगस्टपासून इथेच आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. म्हणाले, मकरंदराव, आम्ही कुंकू टेबलाला लावायचो, फिरत्या भागाला नाही. वर माझ्या हातातली उदबत्ती काढून घेतली आणि बाहेर लॉनमध्ये नेऊन रोवली. माझ्या गराजमधून! सणाचा दिवस म्हणून गिळलं.

संकल्प: रोज शंभर. शनिवारी विषय संपला.

मंगळवार, ३ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
हँडल ओढलं, टोपी नाही. पुन्हा ओढलं, नाही. तिसऱ्यांदा अर्धवट आली आणि अडकली. टोपीच नसल्यामुळे काडतुसाच्या बुडाच्या भोकातून सगळी पावडर टेबलावर. म्हाताऱ्याने गंडवलं मला! त्याला खरमरीत ई-मेल टाकला. मी सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे, हे वाक्य ठळक अक्षरांत.

गुरुवार, ५ ऑक्टोबर.
क्लब. ग्रॅहमने विचारलं, कुठवर आलं? निम्मं झालं म्हणालो. (एकतीस झाली आहेत.) तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त. या देशात सगळंच स्वीट ॲज, म्हणूनच माणसं असल्या प्रेस विकतात.

शनिवार, ७ ऑक्टोबर. दुपार.
सकाळपासून शास्त्रशुद्ध तपासणी. १) स्प्रिंग बदलली. नाही. २) नळी बदलली. नाही. ३) सगळे प्रायमर एकेक करून सुलटे भरले. नाही. ४) प्रेसला लाथ. अंगठा सुजला. जांडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, घालून लाथ मारू नये, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनाच आधी लाथ घातली पाहिजे.

विनिता म्हणाली की एकतीस वर्षं हेच काम केलेला माणूस घरात बसलाय, त्याला विचार. बायकोचं नवऱ्याला सगळ्यात जास्त संताप आणणारं वाक्य कुठलं, याची स्पर्धा असती तर हे पहिलं आलं असतं. तिकडे खडकीत हजार माणसांची लाइन होती. इथे डिझाइनचा प्रश्न आहे. फिटरला काय कळणार?

बुधवार, ११ ऑक्टोबर.
सासरे गराजच्या दारात येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत. माणूस बोलत नसला की जास्त राग येतो. शेवटी आज म्हणाले, जरा उघडून बघू का? मी म्हणालो, बाबा, तुम्ही आराम करा. सौम्यपणे म्हणालो. विनिताच्या मते ओरडलो.

एकूण काडतुसं: त्रेचाळीस.

शनिवार, १४ ऑक्टोबर.
माउंट वेलिंग्टनच्या म्हाताऱ्याचं उत्तर आलं. एक ओळ. मेट, साफ केलीस का? साफ! पूजा केलेल्या यंत्राला साफ केलीस का विचारतो! उत्तर लिहायला घेतलं, तीन पानं झाली. विनिताने सेंड करू दिलं नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर.
मी नवीन स्प्रिंग आणायला गेलो असताना माझ्या परवानगीशिवाय सासऱ्यांनी प्रेस उघडली. जुना टूथब्रश आणि रॉकेलचं फडकं घेऊन बसले होते. परत आलो तेव्हा टेबलावर बशी. बशीत तांदळाचे सहा दाणे आणि कुंकवाचा लाल चिखल. ज्या खाचेतून टोपी सरकते, तिथलं हे सगळं, म्हणाले. इतकंच. कुंकवाबद्दल एक अक्षर नाही. निदान टोमणा तरी मारायचा! तेवढाही माणुसकीचा भाग नाही.

त्यांनी हँडल ओढलं. टक. टक. टक. एकही टोपी चुकली नाही.

खरं तर मी याच निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो. उद्या खाच उघडणारच होतो.

बुधवार, १८ ऑक्टोबर.
मी ऑफिसात असताना ते रोज भरतात. एकूण तीनशे झाली. पण पद्धत बघून डोकं फिरतं. प्रत्येक काडतूस उलटं करून बुडावरून अंगठा फिरवतात. प्रत्येक! टोपी आहे का, वर तर आली नाही ना. म्हणे, कारखान्यात अंगठा फिरवल्याशिवाय पेटीत जात नसे. मी त्यांना सॅम्पलिंग समजावून सांगितलं. पन्नासातलं एक तपासलं की पुरतं, जगभर असंच चालतं. ते म्हणाले, ज्याच्या हातात काडतूस वाजणार नाही, त्याला पन्नासातलं एकच तपासलं होतं हे कसं सांगायचं? याला उत्तर नाही, कारण हा प्रश्नच अशास्त्रीय आहे.

उरलेली तीनशे मी स्वतः भरणार. सांगून टाकलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
पहाटे अभ्यंग, मग गराज. घाईत टेबलावर थोडी पावडर सांडली, पुसून टाकली. भरली! तीनशे! सॅम्पल सहा तपासली, सहाही उत्तम. सासरे पुन्हा दारात. उरलेल्यांवरून अंगठा फिरवू का, म्हणाले. लक्ष्मीपूजनाला घरात वाद नको म्हणून दारच लावून घेतलं.

उद्या मी चौथा.

रविवार, २२ ऑक्टोबर.
सासऱ्यांना मॅच बघायची होती, नेलं. पहिल्याच फेरीत ग्रॅहमच्या पिस्तुलातून नुसतं टिक. पुन्हा टिक. काडतूस बाहेर काढलं तर बुडाला भोक, टोपी नाही. त्याने आमच्या टीमचं फायरिंग थांबवलं आणि एकेक डबा टेबलावर ओतून प्रत्येक काडतूस बघितलं. अकरा निघाली. समोरची टीम हातांची घडी घालून उभी. ग्रॅहमने विचारलं, ही कोणी भरली?

माय फादर-इन-लॉ, मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. आणि तसं खोटंही नाही, निम्मी त्यांनीच भरली होती. त्यांना इंग्रजी कळत नाही अशी माझी समजूत होती. ते बाकावरून उठले, पुढे आले आणि म्हणाले, येस. माय मिस्टेक. सॉरी.

आम्ही मॅच हरलो. येताना गाडीत बसल्या बसल्या मी रेडिओ लावला. विचार करता हेच बरं झालं. वयस्कर माणसाला इथे कोणी काही म्हणत नाही. माझं नाव आलं असतं तर टीमच विस्कटली असती.

सोमवार, २३ ऑक्टोबर. लेबर डे.
सकाळी ग्रॅहमचा फोन. मला वाटलं, पुढच्या मॅचबद्दल असेल. त्याला सासरे हवे होते.

काल त्याने सगळे डबे बघितले. प्रत्येक डब्यावर भरणाऱ्याचं नाव मीच मार्करने लिहिलं होतं, ते माझ्या लक्षातच नव्हतं. पांडुरंग, म्हणजे सासऱ्यांचं नाव लिहिलेल्या तीन डब्यांत एकही खराब नाही. अकराच्या अकरा मकरंदमध्ये. मी विचारलं, मग काल तिथेच का बोलला नाहीस? तो म्हणाला, तुझा म्हातारा तुझ्यामागे उभा राहून नको नको अशी मान हलवत होता.

मी फोन सासऱ्यांना नेऊन दिला. ते बाल्कनीत लसूण सोलत होते. येस, येस, थँक्यू म्हणाले आणि परत सोलायला लागले. मी विचारलं, बाबा, काल असं का म्हणालात? ते म्हणाले, तिथे तुम्हाला पुढेही जायचंय मकरंदराव. मला काय, जानेवारीत परत जायचं.

मला त्यांचा भयंकर राग आला. मग कळेना, त्यांचाच आला का.

क्लबच्या सगळ्या प्रेस बघायला दर गुरुवारी त्यांना न्यायला ग्रॅहम स्वतः येणार आहे. टार्गेटचे कागद लावायला तुलाही यायचं असेल तर मागच्या सीटवर जागा आहे, असं त्याने सांगितलंय.