नव्व्याण्णव सालचं पान

कोडनमने,
१२ नोव्हेंबर २०१८

प्रिय देवक्का,

श्रीपाद हेगडेचा नमस्कार. वास्कोचा पत्ता तुमच्या भाचीकडून मिळवला. तिनं आधी माझी उलटतपासणी घेतली, मगच दिला. लेकीकडे तब्येत बरी असेल, आणि नातवंडं एव्हाना तुमच्यासारखी ठणकावून बोलायला लागली असतील, असं धरून चालतो.

इकडे पाऊस लांबला, सुपारीला कोळेरोग लागला. निम्मी बाग गळून गेली. गुडघ्यांनी माझी साथ सोडली आहे. सावित्री जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातही ती तुमची आठवण काढायची. "देवक्का आली असती तर हसवून गेली असती," म्हणायची.

पत्राचं कारण सांगतो. आपल्या होळे ओक्कूट संघटनेला पुढच्या महिन्यात तीस वर्षं होतात. आता सहना कार्यवाह आहे. तुमच्याच खाडीकाठची पोर, आई चिखलात शिंपल्या वेचायची, ही वकिली करते. तिनं ओक्कूटाचा इतिहास छापायचं ठरवलं आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. "आजोबा, सुरुवातीपासूनचे आता तुम्हीच उरलात," म्हणाली. मी म्हटलं, देवक्का आहेत की. तिनं कोरी वही माझ्यापुढे सरकवली.

लिहायला बसलो आणि पहिली पदयात्राच आठवली. घाटमाथ्यावरच्या झऱ्यापासून बेळ्ळिहोळे समुद्राला मिळते तिथपर्यंत, पाच दिवस. आम्ही वरचे बागाईतदार बागा बुडवणाऱ्या धरणाच्या भीतीनं निघालेलो, पिशवीत आपापली भांडी घेऊन. चौथ्या दिवशी तुमच्या अंगणात पोचलो तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या होता.

"काय हेगडेरे, नदी आमच्याकडे येईपर्यंत तिला मासळीचा वास लागतो. पाणी पिणार, की तेही घरून आणलंय?"

सगळे हसले. मी पिशवीतलं भांडं तसंच आत ढकललं. मी तुमच्या तांब्यातून पाणी प्यालो, आणि संध्याकाळी तुम्ही वाढलेली भाताची गंजी आणि कैरीचं लोणचं इतकं खाल्लं की सकाळी चालवेना. पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आलात. माझ्या आईनं तुमचं पान पडवीत मांडलं, तर तिचीच सून, सावित्री, आपलं ताट घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसली. आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं तुम्हाला ताकातली तंबुळी कशी करायची ते शिकवलं.

नावाचा वादही लिहिला आहे. आमच्या शास्त्रीबुवांनी नऊ शब्दांचं संस्कृत नाव सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, "एवढं नाव उच्चारेपर्यंत नदी आटेल की हो! होळे ओक्कूट म्हणा. नदीची एकी. झालं." आणि ध्येय काय लिहायचं यावर सकाळभर खल चालला असताना तुम्हीच उठून सांगितलंत, "खालचा ओरडला तर वरच्यानं यायचं. वरचा ओरडला तर खालच्यानं. बाकी काय ते तुम्ही शिकलेले लिहा." बाकी काही लिहिलंच नाही. पत्रकांवर आजही तेवढंच छापतात.

आम्ही ओरडलो तेव्हा तुम्ही आलात. धरणाची मोजणी करायला माणसं आली, तेव्हा तुमच्या सत्तर बायका टोपल्यांसकट घाट चढून आल्या आणि वाटेवर बसल्या. टोपल्यांच्या वासानंच साहेबलोक मागे फिरले, असं आम्ही अजून सांगतो.

इथपर्यंत झरझर लिहिलं. सहनानं वाचलं आणि विचारलं, "नव्व्याण्णव साल कुठाय?"

देवक्का, आता सरळच लिहितो.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी कोळशाचा धक्का व्हायचा होता. जनसुनावणीची नोटीस ओक्कूटाच्या नावानं माझ्या घरी आली होती. वेळेवर आली होती, अकरा दिवस आधी. त्याच आठवड्यात एक साहेब बागेत येऊन सुपारी खाता खाता म्हणाला, "खालचं काम शांतपणे पार पडलं, तर तुमच्या धरणाची फाईल कायमची बंद होईल." मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. कागद पंचांगात ठेवला.

सुनावणीला सातजण होते. तुमच्यापैकी कुणीच नव्हतं. तुम्ही जाब विचारायला आलात तेव्हा मी सांगितलं, टपाल उशिरा मिळालं. मग तुम्ही टपालवाल्या मंकाळीला भर बाजारात झाडलंत. तो बिचारा शपथा घेत होता. मी शेजारीच उभा होतो.

धरण झालं नाही. माझी बाग राहिली, चाळीस घरं राहिली, माझे सत्कार झाले. तिकडे धक्क्यासाठी खाडीतला गाळ उपसला आणि तीन वर्षांत तुमच्या काठाच्या शिंपल्या संपल्या. तुम्ही ओक्कूट सोडलंत तेव्हा "वरचे कोरडे राहिले" एवढंच म्हणालात. तुम्हाला कळलं होतं की नुसता संशय होता, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही. सावित्रीलाही सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं एका पानावर लिहून सहनाला वाचायला दिलं. मग गेल्या रविवारी बैठकीत मी ते पान उभं राहून वाचलं. आमच्याकडचा रघुपती ओरडला, "आता कशाला उकरून काढता? महिन्याभरात धक्का वाढवायची नवी सुनावणी आहे, खालचे लोक आपल्यावर विश्वास ठेवतील का?" सहना म्हणाली, "लपवलं तर ठेवतील का?" मंकाळीचा मुलगा तिथंच बसला होता. तो उठून गेला. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, आत या म्हणाला नाही.

शेवटी तुमच्या शेजारची नागम्मा उठली. "देवक्काला सांगितलंय का? तिच्या आधी गावाला कसं सांगता?" ठरलं ते असं, की तुम्ही वाचल्याशिवाय हे पान छापायचं नाही, आणि हे पान गाळून पुस्तकही छापायचं नाही.

ते पान सोबत आहे. कुठं मी स्वतःला सांभाळून घेतलं असेल तर तिथं खोडा. तुमच्या हातानं काही लिहावंसं वाटलं तर समास मोठा सोडला आहे. न वाचता फाडून टाकलंत, तरी ते तुमचं उत्तर म्हणून मी बैठकीत सांगेन.

पूर्वी पत्राखाली 'तुमचा भाऊ' असं लिहायचो. आज ते लिहायचा हक्क मला नाही.

श्रीपाद हेगडे