चिखलदऱ्याला मुदतवाढ

८ एप्रिल १९६२, रविवार. सकाळी ८.

निश्चय झाला. मे महिन्यात चिखलदरा. चार दिवस, सहकुटुंब, पंजाबराव आणि त्यांच्या मंडळींसह.

अकोल्यातले लोक प्रवास कसा करतात हे मी वीस वर्षं पाहतोय. खुशालराव वकील गेल्या वर्षी नाशिकला जाऊन आले. काय पाहिलंत विचारलं, तर म्हणाले, द्राक्षं स्वस्त होती. आणि हे म्हणे पदवीधर. शेजारच्या इंदूबाई उज्जैनला गेल्या, तिथे त्यांना अकोल्याचीच माणसं भेटली, म्हणून खूश होऊन परत आल्या. मग अकोला काय वाईट होतं?

प्रवास हे शास्त्र आहे. मी कोर्टात नाझर. समन्स, जप्त्या, बेलिफांच्या फेऱ्या, सगळं माझ्या टेबलावरून सुटतं आणि वेळेवर पोचतं. चार माणसं डोंगरावर नेणं म्हणजे किस झाड की पत्ती.

कुंदाचं लग्न अठरा जूनला. मग ती जबलपूरला. यापुढे आली तरी पाहुणी म्हणून येईल. तेव्हा ही ट्रिप व्हायलाच हवी, आणि नीट व्हायला हवी. बाप काय चीज आहे ते पोरीला एकदा निवांत कळू दे. घरी मी सदा घाईत.

सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." उत्साह दाखवणं आमच्या मंडळींना कधी जमलं नाही. माहेर मूर्तिजापूर.

११ एप्रिल, बुधवार.

नियमावली पुरी. कलमं एकतीस. टायपिस्टकडून चार कार्बन काढून घेतले.

कलम ४ : दोन दिवस आधी एकाने पुढे जाऊन बंगल्याची व्यवस्था पाहावी. कलम ७ : रोज सकाळी सहाला पुकारा, नाव तीनदा पुकारूनही इसम हजर न झाल्यास त्याचा चहा बंद. कलम १२ : वाटेत रसवंती, भजी व ओळखीची माणसं यांसाठी थांबू नये. कलम २२ : सूर्यास्त चालू असताना बोलू नये.

टायपिस्ट म्हणाला, साहेब, असलं काही पाहिलं नव्हतं. त्याला तरी कळलं.

१५ एप्रिल, रविवार.

नियमावलीचं वाचन. पंजाबराव आणि मनकर्णाबाई खास अकोटहून आले.

पंजाबरावांचा भावकीशी नऊ वर्षं दावा चालला होता. त्या नऊ वर्षांत त्यांनी इतक्या तारखा वाढवून घेतल्या की शेवटी समोरचा पक्षच दमला. तेव्हापासूनचे माझे स्नेही. माणूस दिलदार, पण अडाणी. आणि भाषा! मी पुण्यात दोन वर्षं काढलेली (इंटर राहिलं ते प्रकृतीमुळे), कान दुखतात.

कलम नऊपर्यंत आलो तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "भाऊजी, इतकं समदं ध्यानात ठेवाचं, त डोंगर कवा पाहाचा?" सोडून दिलं. कलम चौदाला सिंधू स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. वाचन संपल्यावर पंजाबराव म्हणाले, "चिखलदऱ्याले कायले जाता जी? माह्या वावरात चला. आंबा हाये, इहीर हाये, झाडाखाली खाटा टाकून देतो."

शेत! ट्रिपला जायचं ते शेतात! कुंदा मात्र एकदम उठून म्हणाली, "बाबा, खरंच जाऊ या ना शेतावर." तिला समजावलं की शेत हे प्रेक्षणीय स्थळात मोडत नाही. तिथे पॉइंट किती? एकही नाही. ती गप्प बसली. पटलं असावं.

नियमावली एकमताने मंजूर. (मत माझं.)

२२ एप्रिल, रविवार. दुपारी २.

आज रंगीत तालीम. होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या, सगळं घेऊन घर ते एस.टी. स्टँड आणि परत. अपेक्षित वेळ २२ मिनिटं. लागलेला वेळ १ तास १० मिनिटं.

कारणं : (१) गल्लीतल्या प्रत्येकाने घर सोडून चाललात का, असं विचारलं, आणि सिंधू प्रत्येकापाशी थांबून नाही म्हणाली. (२) कुंदाच्या चपलेचा अंगठा तुटला. (३) पंजाबराव बाजाराला आले होते, ते वाटेत भेटले आणि त्यांनी दोघींना रसवंतीत नेलं. कलम १२चा ढळढळीत भंग. मी बाहेर उन्हात ट्रंकेपाशी उभा. ग्लास बाहेर आणून दिला तो मी घेतला, पण निषेध नोंदवून.

घरी आल्यावर कुंदा डोक्याला ओली पट्टी लावून पडली. पोरीला ऊन सोसत नाही. दुसरी तालीम पहाटे घेऊ.

२९ एप्रिल, रविवार.

दुसरी तालीम रद्द. सिंधूने ट्रंकेची किल्ली हरवली. वीस वर्षांत तिच्या हातून एक चमचा हरवला नव्हता. नेमकी किल्ली!

३ मे, गुरुवार.

कलम ४प्रमाणे पुढे कोणी जायचं? मी पंजाबरावांचं नाव सुचवलं. ते हात जोडून म्हणाले, "नाझरसाहेब, जप्तीले बी पयले नाझरच जाते ना? हे काम आमच्यासारख्याचं नाई. तुमी पुढं व्हा, आमी मागून येतो." बोलणं गावंढळ, पण मुद्दा कायदेशीर. मान्य केलं. सिंधू लगेच माझे लोकरी मोजे शोधायला लागली. किल्लीही सापडली.

रजा ७ ते १५ मंजूर. बंगल्याचं पत्र आलं, तीन खोल्या.

७ मे, सोमवार. चिखलदरा. संध्याकाळी ६.

पोचलो. एस.टी.त माझ्या शेजारी एक गृहस्थ परतवाड्यापर्यंत खांद्यावर झोपले. घाट लागल्यावर लोक खिडकीतून ओरडत होते, "पाय ना, किती खोल हाये!" दरी खोलच असणार. यात ओरडायचं काय?

निघताना कुंदा स्टँडवर आली होती. पाया पडली तेव्हा डोळे भरलेले दिसले. दोन दिवसांचा तर प्रश्न! मुलगी फार हळवी आहे. माझ्यावर गेली नाही.

बंगला ठीक. चौकीदार देवीदास, बोलघेवडा. तिन्ही खोल्या झाडून घेतल्या. कुंदाची खाट खिडकीपाशी लावली, तिथून दरी दिसते. ती खाट मी तीन वेळा हलवली. आता बरोबर आहे.

९ मे, बुधवार. दुपारी ३.

साडेबाराच्या गाडीला स्टँडवर हजर होतो. गाडी आली. आपली माणसं नाहीत. कंडक्टरने चिठ्ठी दिली.

चिठ्ठी कसली, रीतसर अर्ज! "मेहेरबान नाझरसाहेब, मुक्काम चिखलदरा, यांचे हुजूर. अर्जदार पंजाबराव व इतर तीन. विनंती अर्ज ऐसा जे, येतेवेळी अकोट मुक्कामी अर्जदार नंबर दोन मनकर्णाबाई यांची कंबर धरली. शेतावर विश्रांती घेणे भाग पडले. सबब दोन दिवसांची तारीख वाढवून मिळावी."

मसुदा पंजाबरावांचा, अक्षर कुंदाचं. खाडाखोड नाही, समास सोडलेला. समाधान वाटलं. माझ्या संगतीत माणसं सुधारतात. कंडक्टरजवळ उलट चिठ्ठी दिली : अर्ज मंजूर. पुढील तारीख ११ मे.

देवीदासाला पाच माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. दोघांनी जेवढा संपला तेवढा संपवला.

११ मे, शुक्रवार.

दुसरा अर्ज. कंबर बरी, पण म्हैस व्यायला आली आहे, मालकाने हजर असणं जरुरीचं. सोबत आंब्याची टोपली, "तलबान्यादाखल". तलबाना म्हणजे समन्स बजावण्याची फी. पंजाबराव कोर्टात नऊ वर्षं उगीच बसले नाहीत. हसू आलं. मंजूर, १३ मेपर्यंत.

आंबे गावरान, चोखायचे. उत्तम. देवीदास बाठा चोखत म्हणाला, "साहेब, ते लोक काई येत नाईत जी. म्हशीले का चार मानसं लागते?" मी त्याला विचारलं, दिवाणी प्रक्रियेतलं तुला काय कळतं? म्हणाला, काहीच नाही. मग!

१२ मे, शनिवार. सकाळी ९.

प्रोग्राम वाया जाऊ नये म्हणून एकटाच पंचबोल पॉइंटला गेलो. इथे आवाज दिला की दरीतून पुन्हा पुन्हा परत येतो. लोक इथे येऊन वाटेल ते ओरडतात. शेजारी एक कुटुंब कोंबड्यासारखं आरवत होतं, बाप सगळ्यांत पुढे. पोरं त्याच्या धोतराला धरून लोळत होती. लाज नाही.

ते गेल्यावर मी पुकारा घेतला. सिंधू, तीनदा. पंजाबराव, तीनदा. कुंदा, तीनदा. सगळी नावं स्वच्छ परत आली. कुंदाचं चौथ्यांदा घेतलं. ते नियमात बसत नाही, पण आवाज चांगला लागला होता.

देवीदास मागून आला होता. कोणाला बोलावून राहिलात, म्हणाला. हवेची परीक्षा घेतोय, म्हटलं.

१३ मे, रविवार.

तिसरा अर्ज. या वेळी कारणच नाही. "कारण समक्ष निवेदन करू" इतकंच. अक्षर कुंदाचंच, मात्र कागदाला हळदीचा डाग आणि शाई दोन ठिकाणी पाण्याने पसरलेली. निष्काळजीपणा. तरी शेवटी वेगळ्या ओळीत "बाबा, तुम्ही मफलर बांधता ना?" असं आहे. अर्जात खाजगी मजकूर घालू नये, हे तिला शिकवायचं राहिलं.

मंजूर करायचा की नाही यावर संध्याकाळपर्यंत विचार केला. वारंवार गैरहजर राहणाऱ्या पक्षाविरुद्ध काम एकतर्फी चालवता येतं. त्याप्रमाणे एकतर्फी सूर्यास्त पाहिला. बोललो नाही. बोलायला कोणी नव्हतं.

१४ मे, सोमवार.

पाऊस नाही, पाहण्यासारखं काही उरलं नाही. गाविलगडाची भिंत पाहिली. भिंत आहे.

उद्या रजा संपते. अकोट वाटेवरच आहे. उतरून शेतावर स्थळपाहणी करायची आणि सगळ्यांना तिथल्या तिथे खडसावायचं. मुद्दे काढले. उद्या कुंदाला सोबत घेऊन घरी जाता आलं नाही तर... पण ते येतीलच बरोबर. काय म्हणून नाही येणार?

१५ मे, मंगळवार. अकोट, एस.टी. स्टँड. संध्याकाळी ६.४०.

साडेअकराला उतरलो. दमणी करून शेतावर गेलो. गाडीवानाला पत्ता सांगावा लागला नाही. तो म्हणाला, "नाझरीनबाई उतरल्या हायेत तेच वावर ना?" आठवडा झाला म्हणाला, रोज अंगणात पंगत.

मनकर्णाबाई आंब्याच्या झाडावर होत्या. कंबर बरी दिसली. सिंधू विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली, डोक्यावर पदर नाही, कोपरापर्यंत आंब्याचा रस. आणि विहिरीत कुंदा. मनकर्णाबाईंचं लुगडं काष्टा मारून नेसलेली, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला. पंजाबराव काठावरून म्हणत होते, "पाय मार, पोरी, पाय मार! बुडाची नाईस तू!" ती नाकातोंडात पाणी जाऊनही हसत होती. वीस वर्षांत ती इतक्या मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती. घरात एवढा आवाज मावला नसता.

मी पुढे झालो. माझी सावली पाण्यावर पडली असावी. हसणं थांबलं. सिंधूने पदर घेतला. झाडावरून मनकर्णाबाई "अवमाय!" म्हणाल्या आणि फांदी धरून बसल्या.

मुद्दे खिशात होते. एकही काढला नाही. मी कुंदाला विचारलं, मला का नाही बोलावलं? असं विचारायचं ठरवलं नव्हतं.

ती पायरीवर आली. पदर पिळला. म्हणाली, "बाबा, तुम्ही असता तर मला विहिरीत उतरू दिलं असतं?"

खरं उत्तर नाही असं होतं. म्हणून दिलं नाही.

सिंधू म्हणाली, "चिठ्ठ्या पाठवायची कल्पना माझी. तिला रागावू नका. पाचच आठवडे राहिलेत तिचे." वीस वर्षांत तिने मला सलग तीन वाक्यं ऐकवल्याचं आठवत नाही. पंजाबरावांनी पाट मांडला, रस वाढला, "राहून जा ना दोन दिस, नाझरसाहेब. तुमाले बी शिकवतो पवाले," असंही म्हणाले. थट्टेत नव्हे.

मी राहिलो असतो. हे इथे लिहून ठेवतो. पण रजा आज संपते. सबंध रजा मी डोंगरावर बसून त्यांच्या तारखा वाढवण्यात घालवली. उद्या अकराला कोर्टात हजर व्हायचं आहे. मंडळी शुक्रवारी येणार आहेत. हे मला विचारून ठरलेलं नव्हतं.

निघताना कुंदा दमणीपर्यंत आली. ओले केस, हातात माझी छत्री. म्हणाली, "बाबा, शुक्रवारपर्यंत मला डब्याशिवाय येईल." मी म्हटलं, कान कोरडे कर.

दमणी बांधावर पोचली तेव्हा मागे पाण्यात धप्प आवाज झाला, आणि पुन्हा हसणं सुरू झालं. मी गाडीवानाला जरा थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "काई विसरलं का जी?" नाही म्हटलं. थोडा वेळ ऐकलं. मग बस चुकेल म्हणून निघालो.