पिवळी वायर

आई,

तुझा व्हिडिओ कॅसेट प्लेअर बिघडलेला नव्हता. त्याची टीव्हीला चित्र पोचवणारी पिवळी वायर मीच काढली होती. माझ्या रेकॉर्ड प्लेअरची वायर तुटली, तेव्हा कुणीतरी म्हणालं की चित्राची वायर आवाजालाही झकास चालते. लावून पाहिली, खरखर गेली. मित्रांपुढे मिरवलंसुद्धा.

संध्याकाळी तू म्हणालीस, "अरे, नुसता आवाज येतोय, चित्र दिसत नाही." मी तोंड वर करून सांगितलं, "जुनं मशीन, गेलं असेल." मग महिनाभर खरं सांगायला जीभच रेटेना.

आता वायर जागेवर लावली आहे, टीव्ही लावून बघ. समोर उभं राहायची लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी ठेवून कामावर चाललोय.

काल दुपारी मी लवकर आलो होतो, तुला कळलं नाही. काळ्या पडद्यासमोर बसून तू बाबांची ती एकुलती एक कॅसेट ऐकत होतीस. ते गेल्यापासून तुझ्याकडे तेवढीच तर आहे. कॅसेटमधून बाबांनी विचारलं, "काय गं, नीट दिसतोय ना मी?"

तू म्हणालीस, "नाही हो." मी आल्या पावली परत फिरलो.