फीडवरची कुंकवाची रेघ

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हैदराबादच्या उपग्रह-केंद्रातून, म्हणजे हबमधून, पुन्हा देविदासचा फोन! ‘मॅडम, आपला सिग्नल शेजारच्या चॅनलमध्ये शिरतो आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही, तर आपली जोडणी बंद करावी लागेल.’ माणूस कळमनुरीचा, बोलणं छापील पुस्तकातलं.

जोडणी गेली की जवळा बाजारच्या दवाखान्यातला पडदा काळा. हृदयाच्या डॉक्टरांसाठी पार्वतीबाईंना थेट नांदेड गाठावं लागेल. परवा म्हणाल्या, ‘डॉक्टर मला बघून राहिला, मंग पावडर नको का लावाया?’ — लावूनच आल्या होत्या.

दवाखान्याच्या गच्चीवर गेले. डिशच्या तोंडाशी असतो तो फीड — सरळ उभा! उपग्रह इथून तिरका पडतो, म्हणून तो कललेला हवा. फ्रिक्वेन्सी एकच, आमच्या लहरी उभ्या, शेजाऱ्याच्या आडव्या. फीड फिरला की आम्ही त्याच्या घरात. पुन्हा कलवला.

६ ऑक्टोबर

फीड परत सरळ. बोल्ट आपोआप सैल होत नाहीत. खांबाला हळद, वर सुकलेली झेंडूची माळ.

७ ऑक्टोबर

सापडले! आमचे शिपाई पुंजाजी. खंडेनवमीला पाना-पकडीबरोबर डिशही पुजली. तेव्हापासून रोज पुसतात, आणि त्याच पान्यानं फीड सरळ करतात. ‘बराबर केला की ताई! सरकारी वस्तू वाकडी काहून ठेवावी? लोक मलाच हसतेत.’

कोनांचं गणित सांगणार होते. त्याऐवजी फीड नेमका कलवला आणि त्याच्यापासून त्याला धरणाऱ्या कड्यापर्यंत कुंकवाची एक रेघ ओढली. ‘ही तुटली की पूजा मोडली.’

पुंजाजींनी हात जोडले. लाज वाटली. जराशीच.

१० ऑक्टोबर

सिग्नल स्वच्छ, जोडणी वाचली. पार्वतीबाई पावडरीसह पडद्यावर. पुंजाजी आता मलाही डिशजवळ फिरकू देत नाहीत — ‘हात न्हाई लावायचा ताई!’

देविदासला सगळं सांगितलं. ‘रविवारी पुंजाजी हट्ट्याला लेकीकडे जातील, पण गच्चीची किल्ली माझ्याकडे असेल. काळजी नको.’ तो पहिल्यांदा हसला. मग परत छापील: ‘धन्यवाद मॅडम. यापुढे आपल्याला फोन करावा लागणार नाही.’

११ ऑक्टोबर

तक्रार नाही. फोन नाही. हेच तर हवं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दवाखाना बंद. फीड एक अंश फिरवला. मर्यादेच्या आत — शेजाऱ्याला त्रास नाही, हबच्या पडद्यावर तेवढा दिसेल.

फोन आला. ‘पुंजाजी हट्ट्याला, किल्ली तुमच्यापाशी. मंग फिरवला कोनं व्हो?’

छापील पुस्तक कुठं गेलं!

‘वाऱ्यानं,’ मी म्हणाले.

वारा अजिबात नव्हता.